अ. पा. क.

बँकेत ‘अज्ञान’ हा शब्द शिवी म्हणून वापरत नाहीत. अठरा वर्षांखालच्या माणसाला आम्ही बिनदिक्कत अज्ञान म्हणतो, फॉर्मवर तसे लिहून घेतो आणि खाली त्याच्या बापाची सही घेतो. अठरावा वाढदिवस उजाडला की तोच माणूस एकदम सज्ञान होतो. गौतम बुद्धालासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागला होता. हा चमत्कार १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्याने घडतो आणि दीडशे वर्षांत त्यात कोणाला काही नवल वाटलेले नाही.

सातबाराच्या उताऱ्यावर तर याहून मजा आहे. जमीन एखाद्या लहान वारसाच्या नावावर असली तर त्याच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ अशी तीन अक्षरे असतात आणि मग पालकाचे नाव. पूर्ण रूप ‘अज्ञान पालन कर्ता’. तलाठ्याच्या मनात काही वावगे नसते. अज्ञान मुलाचे पालन करणारा, एवढाच त्याचा भाव. पण मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. व्याकरणाचा आणि माझा संबंध बारावीत सुटला. त्यामुळे मला हा समास दर वेळी भलत्याच बाजूने सुटतो : अज्ञानाचे पालन करणारा. म्हणजे मुलाचे अज्ञान नीट खाऊपिऊ घालून, त्याला ऊनवारा लागू न देता, अठरा वर्षे जिवापाड सांभाळणारा तो पालक.

या दोन विग्रहांपैकी खरा कोणता, हा प्रश्न मला दरवर्षी जून महिन्यात काउंटरवर पडतो. कारण पंधरा जूनच्या आसपास शाळा उघडतात, नव्या शाळेत नाव घातलेल्या मुलांना शाळा सांगते, “शिष्यवृत्तीसाठी बँकेचे खाते काढून आणा,” आणि मग आमच्या शाखेत अज्ञान आणि त्यांचे पालनकर्ते यांची रीघ लागते.

आमची शाखा सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्यात आहे. इकडे ‘हायस्कूल’ ही काय चीज आहे हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवे. जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीला संपते, कुठे पाचवीला, कुठे सातवीला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या शिक्षणाला प्राथमिक म्हटले खरे, पण लोकांच्या मनातले हायस्कूल कायद्याला विचारून सुरू होत नाही. ज्या दिवशी गावातली शाळा संपते आणि एस. टी.ची नाहीतर जीपची वाट पाहत उभे राहावे लागते, त्या दिवशी हायस्कूल सुरू होते. साधारण त्याच सुमारास मुलाचा आवाज फुटतो, मुलगी आरशासमोर जास्त वेळ थांबते, आणि घरातली मोठी माणसे एकमेकांना म्हणू लागतात, “आता तयारीला लागलं पाहिजे.”

कोणी लागले पाहिजे, हे मात्र कोणी सांगत नाही.

पालकांचा पहिला प्रकार गावातलाच. सरकारी नोकरी, कॉलनीत घर, दारात स्कूटर. हे गृहस्थ मुलाला पुढे घालून काउंटरवर येतात.

“साहेब, चिरंजीव आठवीत गेले.”

“वा, अभिनंदन!”

“अभिनंदन कसलं करता? पाया कच्चा आहे.”

मुलाचा पाया पक्का आहे असे सांगणारा बाप माझ्या नोकरीत मला भेटलेला नाही. पोरगा पुढे इंजिनिअर होतो, बदलीवर जातो, त्याच्या डोक्याचे केस विरळ होतात, तरी बाप आपला बॅटरी घेऊन पायातल्या भेगा शोधतोच आहे.

या पायासाठी एप्रिलपासून ‘व्हेकेशन बॅच’ सुरू असते. वडील रात्री गच्चीवर बसून बीजगणित नव्याने शिकतात. वह्यांना खाकी कव्हरे घालून होतात, त्यावर नावाच्या चिठ्ठ्या लागतात. ‘आठवी ब पालक’ नावाचा मोबाईलवरचा गट शाळा उघडण्याआधीच भरतो आणि त्यावर वेळापत्रकावरून भांडणसुद्धा होऊन जाते. सातबारावर ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशीही एक नोंद असते. ती जागा बहुतेक घरांत आईकडे असल्यामुळे रेनकोट, डबा, पाण्याची बाटली, आणि ती हरवणार हे धरून आणलेली दुसरी बाटली, ही सगळी खाती ती सांभाळते. एवढ्या धामधुमीत फक्त एका माणसाला काही काम नसते. तो म्हणजे आठवीत जाणारा.

मी त्याला विचारतो, “नाव काय रे?” वडील नाव सांगतात. “कोणता विषय आवडतो?” वडील सांगतात, “गणित.” मुलगा वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत असतो. त्याला बहुधा पंखा आवडत असावा.

मग मी वडिलांना एक कायदेशीर माहिती देतो. ती द्यायला मला मनापासून आवडते. रिझर्व बँकेने २०१४ साली बँकांना सांगून ठेवले आहे की, दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते उघडू द्यायला आणि चालवू द्यायला हरकत नाही. रकमेची मर्यादा बँकेने ठरवावी, एवढेच. हे ऐकून एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

“दहा वर्षांचा पोरगा? स्वतः पैसे काढणार?”

“हो.”

“का हो, रिझर्व बँकेला मुलंबाळं नाहीत वाटतं?”

आमचा शिपाई अहिराणी मुलखातला. त्याची चिंता जास्त प्रांजळ होती. एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाला, “भाऊसाहेब, मना पोऱ्या आठवीमा गया. आते कसं व्हई?” म्हटले, “कोणाचं? त्याचं की तुझं?” त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “मनंच.” बी. एड.च्या कॉलेजात असे एका शब्दात कोणी सांगत असेल असे मला वाटत नाही.

तर प्रश्न असा आहे. दुसऱ्याची तयारी आपल्याला करता येते का? दुसऱ्याची बॅग भरता येते, दुसऱ्याच्या वहीला कव्हर घालता येते, दुसऱ्याची फी भरता येते. पण दुसऱ्याच्या वतीने तयार होता येते का? माझी दाढ काढायची असेल तर माझ्या वतीने बायकोने कितीही धीर एकवटला तरी त्याचा माझ्या दाढेला उपयोग नसतो.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर तयारी आणि तरतूद यांत आपण गल्लत करतो. कर्ज बुडेल अशी शंका आली की बँक नफ्यातून आधीच पैसे बाजूला काढून ठेवते, त्याला तरतूद म्हणतात. ती आवश्यक असते. पण ती बुडणाऱ्या कर्जासाठी असते. आमचे पालक पोरगा आठवीत पाऊल टाकायच्या आत त्याच्या नावाने एवढी तरतूद करून ठेवतात की, पोराला हळूहळू कळून चुकते, घरच्यांनी आपल्याला बुडीत खात्यात धरलेले आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे खरेच. पण तहान लागायच्या आत पोराला विहिरीत ढकलावे असेही त्या म्हणीत कुठे सांगितलेले नाही.

आमच्या धंद्यातला एक नियम मला पालकत्वावरच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा खरा वाटतो. एका खात्यात रक्कम जमा करायची तर ती दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडलीच पाहिजे. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली नावाच्या ख्रिस्ती संन्याशाने ही द्विनोंदी पद्धत आपल्या गणिताच्या पुस्तकात मांडून छापली. पद्धत व्यापाऱ्यांची आणि जुनीच होती, याने ती नीट लावून दिली. संन्यासी असल्यामुळे त्याच्यामागे कोणाच्या ॲडमिशनची कटकट नव्हती. असती तर त्याच्या ध्यानात आले असते की, मुलाच्या खात्यात जबाबदारी जमा करायची तर तेवढीच ती बापाच्या खात्यात नावे टाकावी लागते. मुलाने स्वतः उठावे असे वाटत असेल तर आपला उठवण्याचा हक्क गेला. त्याने स्वतः निर्णय घ्यावा असे वाटत असेल तर तो चुकीचा निर्णय घेईल तेव्हा “मी सांगितलं होतं” हे वाक्य गेले. आणि हे वाक्य म्हणजे बापाची आयुष्यभराची पुंजी असते हो! ती मोडायला कोण तयार होतो?

मग काय होते, तर व्हाउचर भरले जाते, पण बापाच्या खात्यातून एक पैसा हलत नाही. ताळा जुळत नाही. ताळा जुळला नाही की आम्ही फरकाची रक्कम ‘सस्पेन्स खाते’ नावाच्या खात्यात टाकून ठेवतो आणि घरी जातो. घरोघरची तेरा-चौदा वर्षांची मुले या सस्पेन्स खात्यात पडून आहेत. ना लहान, ना मोठी. पाहुणे आले की “एवढा घोडा झालास,” आणि सहलीला जायचे म्हटले की “अजून लहान आहेस.”

आता पालकांचा दुसरा प्रकार. हे वरून येतात. वरून म्हणजे डोंगरातून. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीच्या बाजूला गेले की काठी लागते. पूर्वीच्या मेहवासी संस्थानांपैकी हे एक. तिकडचे बाप जीपमधून उतरतात ते पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन. पोरगा किंवा पोरगी आश्रमशाळेच्या मोठ्या वर्गात जाणार असते, ती पेटी तिचीच. पेटीत काय असते ते दोन मिनिटांत सांगून होते : दोन जोड कपडे, टॉवेल, साबण, खोबरेल तेल, ताट-वाटी आणि एक कुलूप. आदिवासी विकास विभागाने २०१७ च्या सुमारास यातल्या बऱ्याच वस्तूंचे पैसे थेट खात्यात जमा करायला सुरुवात केली, तेव्हापासून साबणाच्या वडीलाही पासबुक लागू लागले.

यांतले बरेच बाप आता सही करतात. काही जण अजून अंगठा उठवतात. बँकेच्या रिवाजाप्रमाणे पुरुषाचा डावा अंगठा घेतात. द्रोणाचार्यांनी उजवा घेतला होता. आम्ही निदान तेवढी प्रगती केली आहे. आदिवासी मुलांसाठी १९९७-९८ पासून केंद्र सरकारने ज्या निवासी शाळा काढल्या, त्यांचे नाव ‘एकलव्य’. भिल्ल समाज एकलव्याला आपला मानतो, तेव्हा नाव मोठ्या आदराने ठेवले आहे यात शंका नाही. पण ज्या विद्यार्थ्याला गुरुजींनी प्रवेश नाकारला, त्याचेच नाव शाळेला, हा योगायोग कोणा साहेबाच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे. आणि एकलव्याची तयारी कोणी करून घेतली होती? कोणी नाही. पूर्वतयारीचा वर्ग न लावता पहिला आलेला तो विद्यार्थी. त्याचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे.

तयारी म्हणजे काय, याचा एक वेगळाच धडा काठीला दरवर्षी फाल्गुनात बघायला मिळतो. काठीची राजवाडी होळी. गावची माणसे तिची परंपरा १२४६ सालापर्यंत मागे नेतात. सत्तर फुटांच्या आसपास उंचीचा बांबू आणून उभा करतात, त्याचा खड्डा हत्यार न लावता हातांनी उकरतात, रात्रभर ढोल वाजतो, आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरे आणि वाळलेले भोपळे, अंगावर नक्षी, अशा थाटात बुध्या आणि मोरखी नाचतात. बघणाऱ्याला वाटते, मौज आहे. पण ज्याने बुध्या होण्याचा नवस केला आहे, त्याने होळीआधी काही दिवस पालनी पाळलेली असते. खाटेवर झोपायचे नाही, आंघोळ करायची नाही, ब्रह्मचर्य पाळायचे.

यात मला दोन गोष्टी विचार करण्यासारख्या वाटतात. पहिली, ज्याला नाचायचे आहे तोच पालनी पाळतो. बाप पालनी पाळतोय आणि पोरगा बुध्या होतोय, अशी सोय नाही. आणि दुसरी, ही तयारी काही घेऊन होत नाही, सोडून होते. आमची तयारी दुकानात सुरू होते, यांची खाट सोडण्यापासून. म्हणजे पाचोलीने जे वहीत मांडले, ते काठीचे लोक जमिनीवर झोपून करतात.

इथे थोडे थांबतो, कारण वाचकाला वाटेल, हा कारकून आता डोंगरातल्या माणसांचे गोडवे गाणार. पायथ्याशी राहून डोंगराचे गोडवे गाणे सोपे असते, पेटी घेऊन चढावे लागत नाही. काठीचा बाप पोरीला शाळेच्या दारात सोडून माघारी फिरतो, तो काही स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान मनाशी घोळवत फिरत नाही. त्याला दुसरी निवड नसते. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. पोराला बरोबर न्यावे तर शाळा बुडते, ठेवावे तर पोर दुरावते. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के होती आणि नंदुरबार जिल्ह्याची ६४.४, राज्यात सर्वांत कमी. हा आकडा काही बापांनी हौसेने कमी ठेवलेला नाही.

आणि मुलाने तरी कशाकशाची तयारी करायची? घरी भिली किंवा पावरी बोलायची, शाळेत पुस्तकी मराठी. घरी जिला ‘याहा’ म्हणून हाक मारली, तिला शाळेत ‘आई’ म्हणायचे हे आधी शिकायचे, मग आईवर दहा ओळींचा निबंध लिहायचा. ताट वेगळे, झोपायची जागा वेगळी, घंटा वेगळी. कॉलनीतल्या पोराची सगळी तयारी दुसरेच करून टाकतात, आणि डोंगरातल्या पोरावर सगळीच तयारी टाकली जाते, शाळेच्या वाट्याचीसुद्धा. पहिल्याला कोणी हलू देत नाही, दुसऱ्याला कोणी विचारत नाही. दोघांपैकी एकालाही कोणी ओळखत नाही, हे मात्र समान.

शाळेच्या वाट्याची तयारी? शाळा कशी तयारी करणार, असे कोणी विचारील. तर त्याचे दाखले आपल्याच मुलखात आहेत. साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते, तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुले वर्गात गेली की हा गृहपाल त्यांच्या खोल्या आवरून ठेवी, अस्ताव्यस्त पडलेले सामान नीट लावी, आणि त्याबद्दल मुलांना चकार शब्द बोलत नसे. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढी. घर सोडून आलेल्या मुलाने छात्रालयाला रुळावे, याच्या आधी छात्रालय त्या मुलाला रुळले पाहिजे, हे खानदेशात एका मास्तराने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले. दुसरा दाखला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू करून १९५७ मध्ये त्या शेजारच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे चारायला कुरणात जात. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! मुलांनी शाळेची तयारी करण्याऐवजी शाळेनेच चपला घातल्या आणि डोंगर चढला.

यावरून माझ्या कारकुनी डोक्याने एक नियम काढला आहे. दोघांपैकी ज्याच्या हातात किल्ली असते, तयारीचा मोठा वाटा त्याचा. शाळा आणि मूल यांत किल्ली शाळेच्या हातात. बाप आणि मूल यांत बापाच्या हातात. किल्लीवाल्याने आपले काहीतरी सोडले की धाकट्याला जागा होते. तो आपली खाट सोडत नाही तोवर धाकट्याने जमिनीवर झोपून झोपून किती तयारी करायची?

म्हणून मी सुचवतो, कॉलनीतल्या पालकांनी जूनमध्ये पाच दिवसांची पालनी पाळावी. आंघोळ करायला हरकत नाही, उन्हाळ्याचे दिवस असतात. पण पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाच्या टक्क्यांचा उच्चार करायचा नाही. दुसऱ्या दिवशी “आमच्या वेळी” या दोन शब्दांचा उपास. तिसऱ्या दिवशी एस. टी.चे तिकीट मुलानेच काढायचे, आणि सुटे पैसे परत घ्यायला विसरला तर विसरू द्यायचे. चौथ्या दिवशी “काय झालं शाळेत?” हा प्रश्न त्याने बूट काढेपर्यंत विचारायचा नाही. हा दिवस सर्वांत अवघड. आणि पाचव्या दिवशी, मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलाला देऊ द्यायचे. मग तो पंखा म्हणाला तरी चालेल.

मग बापाने करायचे तरी काय? सही गेली, हक्क गेला, पुंजी गेली. तर त्याच्यासाठी बँकेत एक फार मानाची जागा होती. पूर्वी नवीन खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. तो गृहस्थ फॉर्मवर सही करी की, अर्जदाराला मी इतक्या वर्षांपासून ओळखतो. बस, इतकेच. तो त्याचे खाते चालवत नसे, त्याच्या कर्जाला जामीन राहत नसे, त्याने चेक नीट लिहिला का हे बघायला काउंटरवर उभा राहत नसे. पण त्याच्या सहीशिवाय दार उघडत नसे. २०१२ साली रिझर्व बँकेने सांगितले, कागदपत्रे आहेत तर ओळखीचा आग्रह धरू नका. सोय झाली. गरिबाला ओळख देणारा कोण मिळणार, म्हणून ते योग्यच झाले. पण बँकेत बाद झालेली ही जागा घरात कायम राहायला हवी होती. आठवीत जाणाऱ्या मुलाला पालनकर्ता कमी आणि ओळख देणारा जास्त हवा असतो. आपल्याला पुरते ओळखणारे एक माणूस घरी आहे, एवढ्या जामिनावर पोर कुठल्याही नव्या दारात उभे राहू शकते. अडचण एकच, ओळख द्यायची तर आधी ओळख असावी लागते.

परवाच्या जूनमध्ये काठीकडचा एक बाप पोरीला घेऊन आला. तळोद्याच्या बाजूला एका आश्रमशाळेत तिचे आठवीत नाव घातले होते. बापाचा अंगठा झाला, पोरीने जपून सही केली. जुन्या सवयीने माझ्या तोंडातून प्रश्न निघून गेला, “अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता?” आमच्या शाखेतला हा जुना विनोद आहे, लोक हसतात. हा हसला नाही. त्याला वाटले, साहेबाला खरेच माहिती हवी आहे. पेटी खाली ठेवून तो सांगू लागला.

“तेरा वर्षं झाली, साहेब. ही लवकर बोलत नाही. पण बोलली तर खोटं बोलत नाही. बकऱ्यांना हिनंच नावं ठेवली, आम्ही हाक मारली तर येत नाहीत, हिनं मारली तर येतात. अंधाराला भीत नाही. वीज कडाडली तर भीते. एकटी जेवत नाही, कोणी बसलं तर जेवते.”

मागे रांग वाढत होती. रांगेतले कॉलनीतले एक गृहस्थ सारखे घड्याळ बघत होते, ते बघायचे थांबले. मी हे सगळे फॉर्मवर कुठे लिहिणार? तिथे जन्मतारीख, जातीच्या दाखल्याचा क्रमांक आणि आधार क्रमांक एवढ्यांचीच जागा असते. शाळेच्या फॉर्मवरही याहून फार जास्त जागा नसावी. पोरीने त्या वेळी पंख्याकडे पाहिले नाही. ती बापाकडे बघत होती.

पासबुक छापून मी तिच्या हातात दिले. तिने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून बापाला सांगितले, शिल्लक शून्य आहे.

“असू दे,” बाप म्हणाला, “आजच तर उघडलं.”